मदत हवी आहे: घटस्फोटित पालकांचे स्वभाव आणि मुलाची ओढाताण

नमस्कार. फोंड्याला राहणारी माझी धाकटी बहीण घटस्फोटित असून भाचा शनिवार-रविवार वडिलांकडे म्हापशाला जातो. बहिणीचा स्वभाव काळजीखोर. उत्तराला उशीर झाला की ती एकामागून एक निरोप पाठवते, आणि मुळातच वाद टाळणारे त्याचे वडील तितकेच गप्प होत जातात. मानसशास्त्रात ज्याला मागणी आणि माघार यांचे चक्र म्हणतात, तेच हे असावे. वाईट दोघांपैकी कोणीच नाही. मात्र चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, माटोळी (गणपतीच्या वर टांगायची फळाफुलांची चौकट) कोणाकडे बांधायची, हे विचारण्याची वेळ त्या लहानग्यावर आली, ते बघवत नाही. संपर्क केवळ लेखी आणि ठरावीक वेळीच ठेवण्याचा, म्हणजे समांतर पालकत्वाचा, अनुभव कोणाला आहे का? फोंडा-पणजी परिसरात मराठी किंवा कोकणीतून बोलणारे समुपदेशक माहीत असल्यास कृपया कळवावे.