मदत हवी आहे: चिनी विद्यार्थिनीच्या इंग्रजी लेखनासाठी

नमस्कार मंडळी. आम्ही हांगचौला राहतो. शेजारची बारावीतली मुलगी माझ्याकडे इंग्रजीच्या सरावाला येते. तिची 'गावकाव', म्हणजे चीनची विद्यापीठ प्रवेश परीक्षा, जवळ आली आहे. इंग्रजीचा पेपर १५० गुणांचा. त्यातलं श्रवण, वाचन, गाळलेल्या जागा हे सगळं ती झटपट सोडवते. अडतं ते २५ गुणांच्या गोष्ट पुढे नेण्याच्या प्रश्नात. सुमारे ३५० शब्दांची अर्धवट गोष्ट आणि पुढच्या दोन परिच्छेदांची पहिली वाक्यं दिलेली असतात. साधारण १५० शब्दांत गोष्ट पूर्ण करायची. तिने अश्रू, धडधडतं काळीज, सूर्यास्त यांची छापील वाक्यं पाठ केली आहेत आणि ती कुठेही घालते. परवा हरवलेल्या कुत्र्याच्या गोष्टीत सूर्यास्तच रंगवत बसली, कुत्रा सापडला की नाही ते राहूनच गेलं! पोरगी मनापासून मेहनत करते, म्हणून फार वाईट वाटतं.

पाठांतर एकदम सोडायला लावलं तर ती बिचकेल. इथे कुणी इंग्रजी शिकवणारे किंवा पेपर तपासणारे आहेत का? दिलेल्या गोष्टीतले धागे पकडून लिहायची सवय कशी लावावी? रोज अर्ध्या तासात जमेल असा सराव कृपया सुचवा.