‘गाडी लागणे’: कुणाला, कुठे आणि का?

खिडकीवाला (इंदूर):
लहानपणी दर उन्हाळ्यात आम्ही इंदूरहून धुळ्याला आत्याकडे जायचो. काकांची फियाट, पुढे बंपरला टांगलेली छागळ, मागे आम्ही चार पोरं आणि प्रत्येकाच्या मांडीवर एकेक डबा. महू गेलं, मानपूर गेलं की भेरूघाट. घाट लागला की मला गाडी लागायची. दरवर्षी, ठरल्यासारखी.

एका वर्षी फियाट ऐनवेळी रुसली म्हणून सरवटे स्टँडवरून बसने निघालो. घामाघूम झालेले एक गृहस्थ धावत आले आणि मलाच विचारते झाले, “बेटा, गाड़ी लग गई क्या?” मी सात वर्षांचा. म्हटलं, “अभी नहीं, घाट में लगेगी.” ते बिचारे निवांत बाकावर जाऊन बसले. बस तर समोरच उभी होती! बाबांनी धावत जाऊन त्यांना आणलं.

तर प्रश्न असा की मराठीत ‘मला गाडी लागते’ म्हणतो तेव्हा गाडी नेमकं करते काय?

शब्दवेडी:
सगळा दोष हिंदीवर ढकलू नका. मराठीतही गाडी फलाटाला लागते, होडी किनाऱ्याला लागते. दोन्हीकडे ‘-ला’ आहेच, पण फलाटाला मळमळत नाही! तिथे ‘लागणे’ म्हणजे येऊन टेकणे. ‘मला गाडी लागते’मधला ‘लागणे’ हा बाधण्याचा. त्याची भावंडं शोधा: ऊन लागतं, ओली सुपारी लागते, बोट लागते. ऊन, सुपारी, बोट या वस्तू स्वतः काही करत नाहीत, आपल्यालाच त्या सोसत नाहीत. ‘बोट लागणे’ हे तर गाडीच्या आधीचं असणार, कारण मोटारी येण्यापूर्वीही माणसं समुद्रावरून जातच होती. बोटीवरून तो गाडीवर आला असावा, असा माझा अंदाज.

आणि ‘घाट लागला’ हा तिसराच. वाटेत जे जे भेटतं ते ‘लागतं’. तुमच्या एकाच वाक्यात दोन वेगळे ‘लागणे’ आहेत, हे तुम्ही लिहिताना पाहिलंत का?

मांडवीवाली (बडोदा):
आमच्याकडे चौथाच घोळ. गुजरातीत ‘मने लागे छे’ म्हणजे मला वाटतं. त्यामुळे आम्ही मुलं सर्रास म्हणायचो, “मला असं लागतं की पाऊस येईल.” सुट्टीत पुण्याला गेलो की मामेभाऊ लगेच, “कुठे लागलं? हळद आणू?” एकदा खरंच गुडघा फुटला आणि मी “लागलं, लागलं” म्हणून रडतेय, तर तो विचारतो, “काय लागतंय तुला?” आईने दोघांनाही झोडपलं. अजूनही ‘वाटतं’ म्हणताना मी क्षणभर थांबते.

शब्दवेडी:
हिंदीतही ‘मुझे लगता है’ आहेच, त्यामुळे इंदूरकरही या पापातून सुटले नसतील. सगळ्यांचं मूळ एक, संस्कृत ‘लग्’, म्हणजे चिकटणे, जोडले जाणे. त्याचं ‘लग्न’, प्राकृतात ‘लग्ग’. पुढे मराठी-गुजरातीत जोडाक्षर सुटलं आणि आधीचा स्वर लांबला, म्हणून ‘लाग’. हिंदीने ‘लग’ ऱ्हस्वच ठेवलं. तुम्ही आत्याकडच्या लग्नाला जात असाल तर ज्या धातूची गाडी लागायची, त्याच धातूचं लग्न!

खिडकीवाला (इंदूर):
घाटावरून आठवलं. भेरूघाट उतरला की मी डोळे मिटून विचारायचो, “संपला ना घाट?” बाबा म्हणायचे, “संपला. आता खलघाट लागेल.” माझ्या पोटात गोळा. पण खलघाटला डोंगर कुठला, तिथे तर नर्मदा! आजी पुलावर हात जोडायची, आम्ही खिडकीतून नाणी टाकायचो. नदीच्या उतारालाही घाट म्हणतात हे महेश्वरला अहिल्याबाईंचा घाट पाहिला तेव्हा कळलं. तोवर ‘घाट’ शब्द ऐकला तरी मळमळायचं. सेंधवा मागे पडलं की पुढे बिजासनचा घाट, तो मात्र खरा. त्यानंतर शिरपूर, तापी, आणि माझा डोळा लागायचा.

धुळ्याला पोचलो की दारातच आत्याच्या सासूबाई एकेकाला पुढे ओढून विचारायच्या, “हा आपला कोण लागतो?” अर्धवट झोपेत मी सांगून टाकायचो, “मला गाडी लागते.” घरभर हशा. आजही तिथे माझी ओळख तीच आहे.

इंदुरी पोहे:
शब्दार्थ राहू द्या. आमच्याकडे आवळासुपारी द्यायचे, कुणी लिंबू हुंगायला, कुणी आलेपाक. तुम्हाला काय लागू पडलं?

खिडकीवाला (इंदूर):
आवळासुपारीने तोंड आंबट व्हायचं, बाकी काही नाही. शेवटी एका वर्षी काकांनी पुढे बसवलं. मागे डोळ्यांसमोर सीटची पाठ आणि डबे, सगळं स्थिर. कानातला तोल सांभाळणारा भाग मात्र प्रत्येक वळण मोजत असतो. या दोघांचं जमलं नाही की पोट ढवळतं. पुढच्या सीटवर वळण आधी दिसतं, मग अंगाला जाणवतं. म्हणून तर चालवणाऱ्याला गाडी क्वचितच लागते. पुढची सीट लागू पडली. फक्त छागळीतलं पाणी प्रत्येकाला काढून देण्याचं काम माझ्या मागे लागलं.