केसीसॅन शांत झाला, पण आर्म६४ वर जुनीच लांबी येते

धरमपेठ_ड्रायव्हर: नमस्कार मंडळी. मिहानमधल्या आमच्या टीमच्या लिनक्स ड्रायव्हरमध्ये इंटरप्ट हँडलर (हार्डवेअरचा इशारा आला की चालणारं फंक्शन) 'लेन' (पॅकेटची लांबी) लिहून 'रेडी' १ करतो; कर्नेल थ्रेड 'रेडी' पाहून 'लेन' वाचतो. केसीसॅनने (कर्नेलमधलं डेटा रेस शोधणारं साधन) दोन्हींवर डेटा रेस दाखवली, म्हणजे एक जण लिहीत असताना दुसरा तेच व्हेरिएबल वापरतोय. सगळीकडे रीड_वन्स, राइट_वन्स हे मॅक्रो लावल्यावर रिपोर्ट थांबले. एक्स८६ प्रोसेसरवर ठीक चालतं, आर्म६४ प्रोसेसरच्या बोर्डवर मात्र अधूनमधून आधीच्या पॅकेटची लांबी येते. कशामुळे?

सीताबर्डी_सी: भाऊ, रिपोर्ट थांबला म्हणजे बग गेला असं नाही. हे मॅक्रो कंपायलरला आवरतात: लूपमधलं वाचन बाहेर काढू नको, एका वाचनाची दोन करू नको. दोन वेगळ्या व्हेरिएबलांचा आपसातला क्रम प्रोसेसरकडून ते राखून घेत नाहीत. एक्स८६ दोन स्टोअर (लेखनं) किंवा दोन लोड (वाचनं) यांची अदलाबदल दिसू देत नाही, म्हणून तिथे चूक झाकली गेली. आर्म६४ ला ती मुभा आहे.

हँडलरमध्ये एसएमपी_स्टोअर_रिलीज(&रेडी, १), थ्रेडमध्ये एसएमपी_लोड_अ‍ॅक्वायर(&रेडी) वापरा: रिलीज आधीचं लेखन 'रेडी'च्या आधीच दिसू देतो, अ‍ॅक्वायर पुढचं वाचन 'रेडी'च्या नंतरच होऊ देतो. जोडी हवीच, एका बाजूने भागत नाही. 'लेन'वरचं रीड_वन्स, राइट_वन्स मात्र काढा. दोन्ही बाजू अशा मॅक्रोंनी मार्क केल्या की केसीसॅन त्या रेसबद्दल बोलतच नाही. 'लेन' साधा ठेवला तरच पुढची चूक सापडेल.

महाल_मेमरी: कन्फिग_केसीसॅन_स्ट्रिक्ट (केसीसॅनच्या कडक तपासणीचा पर्याय) चालू करा. एरवी वर्डएवढं (प्रोसेसर एकदम हाताळतो तेवढं) साधं लेखन अणुवत, म्हणजे एका अखंड टप्प्यात झालेलं, धरलं जातं, आणि किंमत बदललेली दिसली तरच रिपोर्ट येतो. कर्नेल ५.१७ पासून स्ट्रिक्टसोबत वीक मेमरीची (प्रोसेसर क्रम बदलू शकतो हे धरून केलेली) तपासणीही येते, त्यामुळे बॅरियर (क्रम राखणारी सूचना) टाकायचा राहून गेला असेल तर एक्स८६ वरही कळू शकतं. हे सॅम्पलिंग आहे, साधारण ४००० अ‍ॅक्सेसमागे (वाचन-लेखनांमागे) एक वॉचपॉइंट, म्हणजे तेवढ्याच एकावर पाळत. पाच मिनिटांच्या टेस्टवर विसंबू नका.

धरमपेठ_ड्रायव्हर: जुनी लांबी गेली, आभार. स्ट्रिक्टमध्ये आता 'लेन'वर नवा रिपोर्ट आहे: हँडलरचं लेखन, थ्रेडचं वाचन.

सीताबर्डी_सी: तो खरा आहे, दाबू नका. थ्रेड वाचत असतानाच पुढचा इंटरप्ट 'लेन' बदलतोय. थ्रेडने वाचून झाल्यावर रिलीजने 'रेडी' शून्य करावा. हँडलरने अ‍ॅक्वायरने शून्य दिसल्यावरच लिहावं. पॅकेट गमवायचं नसेल तर केफिफो (कर्नेलची तयार रांग) घ्या, एक लिहिणारा आणि एक वाचणारा असेल तर त्याला लॉक लागत नाही. स्पिनलॉकच (मिळेपर्यंत फिरत थांबायला लावणारा लॉक) हवा असेल तर थ्रेडमध्ये स्पिन_लॉक_आयआरक्यूसेव्ह घ्या, तो त्या सीपीयूवर इंटरप्ट बंद ठेवतो. साधा स्पिन_लॉक धरलेला असताना त्याच सीपीयूवर इंटरप्ट आला, की हँडलर तोच लॉक मागत फिरत राहतो आणि थ्रेडला तो सोडायची संधीच मिळत नाही.