हलक्या गाडीला रुंद टायर?

साडेनऊशे किलोच्या हॅचबॅकला १८५ मिमी रुंदीचे टायर काढून थेट २०५ रुंदीचे, ट्रॅकवरचे सेमी-स्लिक (रेसिंगचे, फार कमी खाचांचे टायर) टाकावेत, असा सल्ला काही जण देतात; तो मला पटत नाही. मुंबईसाठी तर नाहीच.

हलक्या गाडीचं वजन टायरला पुरेसं तापवत नाही. सेमी-स्लिकचं रबर तापल्याशिवाय चिकटत नाही, आणि आपल्या ट्रॅफिकमध्ये ते तापणार कधी? शिवाय वजन कमी आणि टायर रुंद, म्हणजे जमिनीवरचा दाब कमी. जुलैत ईस्टर्न फ्रीवेवर पाणी साचलेलं असताना असा टायर लवकर तरंगू लागतो. खोल, रुंद खाचांचा टायरच तिथे वाचवतो. कायद्याने १.६ मिमी खाच चालते, पण पावसाळ्याआधी ३ मिमीच्या खाली गेला तर बदलाच.

माझं मत: १९५ च्या पुढे जाऊ नका, तेही तुमच्या रिमवर बसत असेल तरच. लोड इंडेक्स, म्हणजे टायर किती वजन पेलतो तो आकडा, गाडीच्या कंपनीने दिलेल्यापेक्षा कमी नको. उगाच ‘एक्स्ट्रा लोड’ (जास्त वजनासाठी मजबूत केलेला) टायरही घेऊ नका, त्याची कडक बाजू हलक्या गाडीला पेव्हर ब्लॉकवर नुसती उडवते. ट्रेडवेअर (टायर किती हळू झिजतो त्याचा आकडा) ३०० च्या आसपासचा रोड टायर पकड आणि आयुष्य दोन्ही बऱ्यापैकी देतो, मात्र हा आकडा एकाच कंपनीच्या टायरांमध्ये ताडून पाहा.

डिस्काउंट मिळतोय म्हणून जुना माल घेऊ नका. बाजूवरच्या डॉट कोडचे शेवटचे चार आकडे बघा: २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. सेमी-स्लिक न घेऊन वाचलेल्या पैशांत चाकांची अलाइनमेंट करून घ्या.