रिकव्हरी पेनड्राइव्ह बूट होतो, पण नव्या संगणकाची आतली डिस्कच दिसत नाही

प्रश्न – टॉवेल कारखाना, अक्कलकोट रोड एमआयडीसी, सोलापूर

नमस्कार मंडळी. आमच्या कारखान्यात टॉवेलची जेकार्ड डिझाइने ज्या संगणकावर तयार होत, त्याचा मदरबोर्ड विजेच्या झटक्याने जळाला आणि त्याबरोबर डिस्कही गेली. संपूर्ण डिस्कचा बॅकअप बाहेरच्या हार्ड डिस्कवर शाबूत आहे. नवा संगणक इंटेलच्या बाराव्या पिढीचा असून त्यात एनव्हीएमई डिस्क (मदरबोर्डवर थेट बसणारी वेगवान डिस्क) आणि विंडोज ११ आहे. जुन्यावर विंडोज १० होते व ते लीगसी, म्हणजे जुन्या बायोस पद्धतीने बूट होत असे.

बॅकअप परत बसवण्यासाठीचा जुना रिकव्हरी पेनड्राइव्ह नव्या संगणकाच्या बूट मेनूत दिसतच नव्हता. तो यूईएफआय या नव्या बूट पद्धतीने, फॅट३२ स्वरूपात पुन्हा तयार केल्यावर बूट झाला. आता बॅकअपची बाहेरची डिस्क दिसते, पण आतली डिस्क यादीत येत नाही. विंडोज ११ त्याच डिस्कवरून रोज सुरू होते, त्यामुळे डिस्क खराब आहे असे वाटत नाही. विक्रेत्याने बायोसमध्ये (संगणकाच्या मूळ सेटिंगमध्ये) व्हीएमडी नावाची डिस्क कंट्रोलरची सोय बंद करण्यास सांगितले आहे. ते करावे का? डिझाइनच्या सॉफ्टवेअरला डोंगल (परवाना तपासणारे छोटे उपकरण) लागतो आणि त्याचा मूळ सेटअप आता मिळत नाही, म्हणून जुनी प्रणाली जशीच्या तशी परत मिळणे आवश्यक आहे.

उत्तर १ – संगणक दुरुस्ती, नवी पेठ

डिस्क चांगली आहे. बाहेरची डिस्क दिसते आणि आतली दिसत नाही, याचा अर्थ पेनड्राइव्हवरील विंडोज पीईकडे (दुरुस्तीसाठीच्या छोट्या विंडोजकडे) आतल्या कंट्रोलरचा ड्रायव्हर नाही. इंटेलच्या अकराव्या पिढीपासून अनेक संगणकांत एनव्हीएमई डिस्क व्हीएमडी नावाच्या कंट्रोलरच्या मागे जोडलेली असते. संगणकाच्या उत्पादकाने बसवून दिलेल्या विंडोज ११ मध्ये त्याचा ड्रायव्हर आधीच बसवलेला असतो, पण पेनड्राइव्हवर तो आपल्यालाच घालावा लागतो.

मात्र व्हीएमडी बंद करण्याची घाई करू नये. ते बंद केले की सध्याचे विंडोज ११ बहुधा सुरू होणार नाही आणि निळ्या पडद्यावर ‘इनअॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ हा संदेश येईल. शिवाय डिस्कवर बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्क कुलूपबंद करणारी सोय) चालू असेल, तर फर्मवेअरमधील, म्हणजे बायोसमधील बदलानंतर रिकव्हरी की मागितली जाऊ शकते. ती आधीच लिहून ठेवावी.

त्यामुळे या संगणकावर पुढे कोणते विंडोज चालवायचे आहे हे आधी ठरवावे आणि मगच बायोसला हात लावावा. विंडोज ११ ठेवायचे असेल, तर व्हीएमडी चालू ठेवून पेनड्राइव्हमध्ये ड्रायव्हर घालावा. संगणकाच्या उत्पादकाच्या संकेतस्थळावरून आपल्या मॉडेलचा स्टोरेज ड्रायव्हर घ्यावा, मात्र त्याची ‘सेटअप’ फाइल विंडोज पीईमध्ये सहसा चालत नाही. ती उलगडून आयएनएफ, एसवायएस आणि कॅट या तिन्ही प्रकारच्या फाइली एकाच फोल्डरमध्ये ठेवाव्यात, पेनड्राइव्हवरून बूट करून कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘डीआरव्हीलोड’ या आज्ञेपुढे आयएनएफ फाइलचा मार्ग द्यावा, नंतर डिस्कपार्ट या विंडोजच्या डिस्क साधनामध्ये ‘रीस्कॅन’ करून ‘लिस्ट डिस्क’ पाहावे. डिस्क दिसली की तोच ड्रायव्हर बॅकअप सॉफ्टवेअरमधून पेनड्राइव्ह तयार करताना कायमचा जोडून टाकावा, म्हणजे दर वेळी हा खटाटोप पडणार नाही.

उत्तर २ – लेखा व संगणक, होटगी रोड

वरील उत्तराशी मी सहमत आहे, पण आपल्या गरजेसाठी मी वेगळा मार्ग सुचवेन. जुने विंडोज १० एनव्हीएमईवर न टाकता एक वेगळी साटा एसएसडी (केबलने जोडली जाणारी डिस्क) विकत घेऊन तिच्यावर परत बसवावे. नवीन विंडोज ११ जसेच्या तसे राहील, व्हीएमडीलाही हात लावावा लागणार नाही. फक्त साटा कंट्रोलर व्हीएमडीखाली जोडलेला नाही एवढे बायोसमध्ये पाहून घ्यावे.

दोन गोष्टींची काळजी घ्यावी. आपला बॅकअप लीगसी पद्धतीचा, म्हणजे एमबीआर या जुन्या विभागणीच्या डिस्कचा आहे आणि बाराव्या पिढीच्या बहुतेक संगणकांवर लीगसी बूट उपलब्धच नसते. बॅकअप परत बसवल्यावर ‘एमबीआर२जीपीटी’ या आज्ञेने डिस्क नव्या जीपीटी विभागणीत बदलून घ्यावी. ही सोय विंडोज १० च्या १७०३ आवृत्तीपासून आहे. आधी त्याच आज्ञेतील ‘व्हॅलिडेट’ने तपासणी करावी. डिस्कवर चार प्रायमरी पार्टिशन असतील तर ही आज्ञा नकार देते, कारण तिला बूटच्या फाइलींच्या नवीन ईएफआय पार्टिशनसाठी जागा लागते. एकाच संगणकात दोन डिस्क असताना क्रमांक चुकणे फार सोपे असते. आज्ञेत डिस्कचा क्रमांक देण्यापूर्वी तिचा गीगाबाइटमधील आकार ताडून पाहावा, किंवा त्या वेळेपुरती एनव्हीएमई डिस्क काढूनच ठेवावी.

दुसरे असे की जुन्या विंडोजचा परवाना ओईएम (संगणकाबरोबरच आलेला) असेल तर तो जळालेल्या बोर्डाशी बांधलेला आहे, त्यामुळे नवीन परवाना लागेल. विंडोज १० चा मोफत आधारही १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. विंडोज १० ची ती डिस्क केवळ डिझाइनसाठी, इंटरनेटपासून दूर ठेवणे मला योग्य वाटते.

प्रश्नकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. साटा एसएसडी बसवली. एनव्हीएमई काढून ठेवून बॅकअप परत घेतला. ‘व्हॅलिडेट’ला पहिल्यांदा नकार आला, उत्पादकाने ठेवलेले एक जादा पार्टिशन काढल्यावर ते पार पडले. डोंगल ओळखला गेला आणि जुनी डिझाइने उघडली. एक शंका उरली आहे. पेनड्राइव्ह बूट करताना सिक्युअर बूट (मान्य स्वाक्षरी असलेलेच बूट होऊ देणारी सोय) बंद करावे लागले. ते बंदच ठेवावे का?

उत्तर १ – संगणक दुरुस्ती, नवी पेठ

नको, काम झाल्यावर ते चालू करावे. आपला पेनड्राइव्ह अडला, याचा अर्थ त्यातील बूट मॅनेजरची स्वाक्षरी या फर्मवेअरला मान्य नाही. मायक्रोसॉफ्टची २०११ ची सिक्युअर बूट प्रमाणपत्रे २०२६ मध्ये कालबाह्य होत आहेत आणि त्यांची जागा २०२३ ची प्रमाणपत्रे घेत आहेत. मुदत संपली म्हणून जुना पेनड्राइव्ह लगेच बंद पडत नाही. पण जुने बूट मॅनेजर रद्द ठरवणारा बदल फर्मवेअरमध्ये एकदा झाला की त्याला प्रवेश मिळत नाही. बॅकअप सॉफ्टवेअर अद्ययावत करून पेनड्राइव्ह नव्याने तयार करावा, सिक्युअर बूट चालू ठेवून याच संगणकावर बूट करून पाहावा, आणि यादीत दोन्ही डिस्क दिसल्या की त्यावर या संगणकाच्या नावाची चिठ्ठी लावून ठेवावी. कारखान्यातील दुसऱ्या मॉडेलच्या संगणकांसाठी तो चालेल असे गृहीत धरू नये; प्रत्येकावर एकदा बूट करून पाहावे.