वेळांचं कोडं: सॉर्ट करणाऱ्याला नापास करायचं का?

खणवादी
प्रोग्रामिंगच्या इंटरव्ह्यूतलं नेहमीचं कोडं: २४ तासांच्या घड्याळातल्या वेळांची यादी दिलीय, कुठल्याही दोन वेळांमधलं सर्वांत कमी अंतर मिनिटांत सांगा. "सॉर्ट करा (वेळा चढत्या क्रमाने लावा), शेजारचे तपासा, झालं" असा सल्ला वाचला आणि राहवलं नाही. दिवसात मिनिटं १४४०च! तेवढ्या खणांचा बूलियन अ‍ॅरे (खणांची रांग, प्रत्येक खणात फक्त 'हो' किंवा 'नाही') घ्या, इंडेक्स म्हणजे खणाचा क्रमांक, तास × ६० + मिनिटं. खण आधीच भरलेला दिसला की उत्तर ०, तिथेच थांबा. नाहीतर शेवटी भरलेल्या खणांमधली अंतरं मोजत एक फेरी मारा. सॉर्ट करणाऱ्याने प्रश्न नीट वाचलेलाच नसतो. मी त्याला पुढच्या फेरीत पाठवणार नाही.

शेजारधर्म
साफ असहमत. यादी १४४०पेक्षा लांब असेल तर दोन वेळा सारख्या असणारच. आधी लांबी बघून ० परत करा. मग सॉर्टपुढे फार तर १४४० आकडे उरतात. एन लॉग एनचा (सॉर्टला साधारण लागणाऱ्या पायऱ्यांचा) बाऊ कशाला? उलट दहा वेळांसाठी तुम्ही १४४० खण चाळता. उद्या सेकंद आले की खण ८६,४००, सॉर्टचा कोड मात्र १४४० हा आकडा सोडला तर तसाच.

लोक पडतात ते मध्यरात्रीवर. प्रत्येक शेजारजोडीला 'फरक किंवा १४४० वजा फरक, यातलं लहान' लावतात आणि निवांत होतात. ००:००, १२:००, २३:५९ देऊन बघा. शेजारचे फरक ७२० आणि ७१९, म्हणून उत्तर ७१९ येतं. खरं उत्तर १, कारण २३:५९ नंतर मिनिटभरात ००:०० होतात. पहिला + १४४० − शेवटचा ही तपासणी वेगळीच करावी लागते. दोनच वेळांच्या टेस्टमध्ये ही चूक कधीच सापडत नाही.

खणवादी
ती तपासणी खणांतही लागते, त्यावर वाद नाही. सेकंदांचा मुद्दा प्रश्नात नाही, तो उगाच आणलात.

बारा_वाजले
दोघेही पार्सिंगवर (लिहिलेल्या वेळेचे आकडे करण्यावर) गप्प! एएम-पीएम आलं की निम्मे कोड तिथेच कोसळतात. "पीएम असेल तर १२ मिळवा" लिहिलं की दुपारचे १२:३० होतात १४७०. सॉर्टवाल्याला कळतही नाही: ११:५९ पीएम म्हणजे १४३९, फरक ३१, आणि तो खुशाल ३१ छापतो. खरं उत्तर ६८९. खणवाल्याचा पायथन कोड निदान इंडेक्सच्या एररने थांबतो. तास % १२ (१२ने भागून उरलेली बाकी), मग पीएमला १२ मिळवा. १२ एएम आपोआप ० होतो.

शेजारधर्म
इनपुट २४ तासांचं आहे. प्रश्न वाचा.

बारा_वाजले
वाचलाय. तुमचे सेकंद चालतात, माझे एएम-पीएम चालत नाहीत?

खणवादी
बघा, चूक माझ्याच पद्धतीत उघडी पडते!

शेजारधर्म
जावास्क्रिप्टमध्ये नाही पडत. तिथे १४७० वर लिहिलं की अ‍ॅरे मुकाट वाढतो, आणि फेरी १४४० ला थांबत असेल तर ती वेळच गायब होते. सी++ च्या साध्या अ‍ॅरेत तर काय होईल याची हमीच नाही. रेंज (आकडा ० ते १४३९ मध्येच आहे ना) स्वतः तपासा, मग खण घ्या नाहीतर सॉर्ट.

खणवादी
बरं, रेंज तपासणारा आणि आधी लांबी बघणारा सॉर्टवाला पास. पण डुप्लिकेट काढायला आधी सेट (एक गोष्ट एकदाच ठेवणारा संग्रह) वापरणारा नाही. दोनदा आलेली ०९:०५ सेटमध्ये एकच उरते आणि ० हे उत्तर हातचं जातं.

बारा_वाजले
यावर दुमत नाही. पण एएम-पीएमचं उत्तर कुणीच दिलं नाही.