जबड्याचं हाड वाढवायला थ्रीडी प्रिंटेड स्कॅफोल्ड, कुणी केलंय का?

रानवाट
आईच्या (वय ६१) खालच्या दोन दाढा काढून ८ वर्षं झाली, आता इम्प्लांट करायचं तर सीबीसीटीत (जबड्याचा थ्रीडी स्कॅन) हाड फारच अरुंद निघालं. एक सर्जन म्हणतात जबड्याच्या मागच्या भागातलं हाड काढून इथे लावू, दुसरे म्हणतात स्कॅनवरून मापाचं स्कॅफोल्ड, म्हणजे हाड वाढायला आधार देणारा सांगाडा, प्रिंट करू, म्हणजे दुसरीकडे चिरायला नको. दुसरं बरं वाटतं पण आई घाबरलीय, खरं तर मी पण. डायबेटिस आहे, कंट्रोलमध्ये. काय काय विचारू?

निळी शाई
डेंटिस्ट आहे म्हणून लिहितेय. पहिला प्रश्न, प्रिंट नक्की काय करणार? टायटॅनियमची जाळी असेल तर आत हाडाचा चुरा भरतात आणि हाड धरल्यावर जाळी काढावी लागते, म्हणजे पुन्हा हिरडी उघडणं आलंच. विरघळणारं असेल तर पॉलीकॅप्रोलॅक्टोन (शरीरात हळूहळू विरघळणारं प्लास्टिक) किंवा कॅल्शियम फॉस्फेटचं असतं, त्यातली भोकं काही शे मायक्रॉनची ठेवतात म्हणजे रक्तवाहिन्या आत शिरतात. पॉलीकॅप्रोलॅक्टोन विरघळायला दोनेक वर्षं सहज घेतं, हे लोकांना कुणी सांगत नाही. आणि स्कॅफोल्ड म्हणजे हाड नव्हे, वेलीला घातलेला मांडव आहे तो, वेल चढणार ती आजूबाजूच्या जिवंत हाडातून आणि रक्तपुरवठ्यातून. साधी बोन पावडर आणि मेम्ब्रेन (वरून झाकायचा पातळ पडदा) लावून भागेल का तेही विचारा, नुसती रुंदी कमी असेल तर बऱ्याचदा भागतं.

टिपूर
माझी टायटॅनियमची जाळी होती. तिसऱ्या आठवड्यात हिरडी उघडून जाळी दिसायला लागली, रात्रभर झोप नाही, फोन केला तर आधी कुणी नीट बोलेना. मग क्लोरहेक्सिडिनच्या चुळा, मऊ खाणं, दर आठवड्याला तपासणी. इन्फेक्शन झालं नाही, थोडं हाड गेलं पण उरलेल्यात ७ महिन्यांनी इम्प्लांट बसला. त्यामुळे "उघडलं तर काय करणार आणि कुणाला फोन करायचा" हे आधीच विचारून ठेवा दादा, नंतर नाही.

निळी शाई
अगदी बरोबर, हिरडी उघडणं हीच यातली मोठी अडचण. २०१५ मध्ये दाताभोवतीच्या खड्ड्यात प्रिंटेड पॉलीकॅप्रोलॅक्टोन बसवल्याची एक केस छापून आली होती, वर्षभर ठीक होतं, १३व्या महिन्यात उघडं पडलं आणि काढावं लागलं. तेव्हा सर्जनना विचारा की टाके ताण न येता जुळतील एवढी हिरडी आहे का. एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारी रक्ततपासणी) ताजं करून घ्या. आणि आई हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून काही घेतात का?

रानवाट
हो घेते की, आठवड्याला एक गोळी, ५ वर्षं होतील. दोन्हीकडे कुणी विचारलंच नाही आणि मला वाटलं हाडांचंच औषध आहे, म्हणजे चांगलंच.

निळी शाई
पाकिटावर अ‍ॅलेंड्रोनेट लिहिलंय का बघा. असेल तर स्कॅफोल्डचं नंतर, हे आधी. अशा औषधांत क्वचित जबड्याची जखम भरत नाही आणि हाड उघडं राहतं, गोळ्यांमध्ये धोका कमी पण वर्षं वाढतील तसा वाढतो. स्वतःहून बंद मात्र करू नका, गोळी लिहिणारे डॉक्टर आणि सर्जन यांना एकमेकांशी बोलायला लावा.

रानवाट
बघितलं, तेच आहे. ७० एमजी. उद्याची अपॉइंटमेंट ठेवतो, पण चीरफाडीची तारीख घेत नाही. ताई खरंच आभार.